पावागडाकडे पाहावे तशी नजर

वाचकांचे प्रश्न : व्यायाम आणि युद्धकला

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून मांजलपूर येथे राहतो आणि मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नोकरी करतो. नऊ वर्षे शोतोकान कराटे शिकून काळा पट्टा मिळवला. गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातून दोन दिवस ज्युदोच्या वर्गाला जातो आणि आजोबांच्या ओळखीमुळे रविवारी सकाळी तालमीतल्या मातीतही उतरतो. कराटेच्या सरांना हे रुचलेले नाही. दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, असे ते म्हणतात. दुसरी अडचण माझीच आहे. ज्युदोचे शिक्षक काहीही दाखवू लागले की ‘कराटेत याला उत्तर आहे’ हाच विचार प्रथम येतो आणि दाखवलेले निम्मे निसटते. मन खुले ठेवू गेलो तर एकाग्रता ढळते आणि एकाग्र होऊ गेलो तर मन बंद होते, असे वाटते. काय करावे?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : तुमच्या दोन अडचणींपैकी दुसरी मोठी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. सरांची नाराजी बोलून दूर होऊ शकेल. परंतु डाव दाखवला जात असताना मनात चालणारा वाद प्रत्येक तासाला तुमच्याबरोबर वर्गात येणार आहे. तुम्ही मांडलेला पेच मला मात्र मान्य नाही. शिक्षक ओउची-गारी, म्हणजे समोरच्याचा पाय आतून ओढून पाडण्याचा डाव, दाखवत असतात त्या क्षणी तुम्ही त्यांच्या पायाकडे पाहतच नसता, मनातल्या मनात त्यांच्यावर गुद्दा चालवत असता. म्हणजे तेथे मन खुले नाही आणि एकाग्रही नाही, आणि दोन्ही एकाच कारणाने नाहीत. तो मनातला वाद थांबला, तर दोन्ही गोष्टी एकदमच परत येतील.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. लहानपणापासून मी मातीत वाढलो आणि विशी उलटल्यावर ज्युदोच्या वर्गात दाखल झालो. ज्युदोत पहिले काही आठवडे पडायलाच शिकवतात : हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि जमिनीला टेकण्याच्या क्षणी हाताचा सपाट फटका. मी ते मनापासून शिकलो नाही. कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपली, त्यामुळे पाठीवर पडण्याचा सराव करायचा ही कल्पनाच मला अपमानास्पद वाटत होती. मी वर्गात उभा राहून हालचाली करत असे, पण आतून त्या नाकारत असे. तिसऱ्या महिन्यात एका सहाध्यायाने मला सहज फेकले, पाठ वाचवण्यासाठी माझा हात सवयीने पुढे गेला आणि खांद्याजवळचे गळ्याचे हाड मोडले. चूक त्या सहाध्यायाची नव्हती आणि शिक्षकांचीही नव्हती. मला सांगितलेले मी ऐकले होते, पण घेतले नव्हते. पुढे दीड महिना हात गळ्यात अडकवून मी कडेला बसून वर्ग पाहत राहिलो, आणि पडण्याची ती साधी हालचाल किती विचारपूर्वक घडवलेली आहे हे त्या दिवसांत प्रथम दिसले.

आपले शरीर ज्या नियमांत वाढते त्या नियमांचीच बाजू घेते, आणि ती बाजू आपल्याला सत्यासारखी वाटू लागते. कुस्तीत डोके पुढे काढून, कंबर मागे ठेवून उभे राहिलेले चालते, कारण समोरून गुद्दा येणार नाही. कराटेत तेच डोके पुढे काढणे म्हणजे आमंत्रण. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय हातांनी उचलून त्याला पाडणे, ही मातीतली रोजची गोष्ट. परंतु २०१३ पासून आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धांत उभ्या लढतीत कमरेखाली हाताने धरण्यास बंदी आली. यात कोणाचे बरोबर, हा प्रश्नच लागू होत नाही. म्हणून वर्गात ‘याला कराटेत उत्तर काय’ असे मनात आले, तर त्याच्या जागी ‘ही हालचाल कोणत्या नियमामुळे, कोणत्या पकडीमुळे आवश्यक झाली’ असे विचारण्याची सवय लावावी. पहिला प्रश्न तुम्हाला वर्गाबाहेर नेतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर शिक्षकांचे हात, पाय आणि कंबर नीट पाहावीच लागते.

तुलना कायमची सोडून द्यावी, असे मी म्हणत नाही. तिला वेळ नेमून द्यावी. वर्गाच्या दीड तासात शिक्षक सांगतील तेच, त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच शब्दांत करावे. शंका डोक्यात आली तर ‘घरी’ एवढेच मनाशी म्हणून हालचालीकडे परतावे. आणि रात्री वहीत तारीख घालून ती शंका लिहावी. काही आठवड्यांनी वही चाळाल तेव्हा निम्म्या शंकांची उत्तरे शरीराने परस्पर दिलेली असतील. उरलेल्या शंका खऱ्या असतात, त्या शिक्षकांना वर्ग संपल्यावर, आदराने आणि सरळ विचाराव्यात. जो शिक्षक अशा प्रश्नाने दुखावतो त्याच्याकडे मी फार काळ राहणार नाही. पण जो शिष्य दर पाच मिनिटांनी हात वर करतो त्यालाही मी शिकवू शकलेलो नाही.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. दाखवलेले पूर्ण मनाने करून पाहणे वेगळे आणि ते खरे मानणे वेगळे. ज्युदोत रांदोरी आहे, तालमीत जोड आहे, कराटेत कुमिते आहे, म्हणजे तिन्हीकडे जोडीदाराशी लढून पाहण्याचा सराव आहे. प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर जे चालते तेच शेवटी ठेवायचे. ज्या वर्गात जोडीदार नेहमी सांगितल्याप्रमाणेच पडतो आणि प्रतिकार करून पाहण्याची मुभा कधीच मिळत नाही, तेथे खुले मन ठेवण्याचे कर्तव्य तुमच्यावर नाही.

आता तीन ठिकाणांविषयी. एका गुरूच्या नजरेखाली अनेक विद्या शिकणे बडोद्याला नवे नाही. जुम्मादादांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात देशी व्यायाम आणि शस्त्रविद्या अशा रीतीने शिकवल्या की, पुढे गुजरातभर आखाड्यांची चळवळ उभी करणाऱ्या पुराणी बंधूंनाही प्रेरणा येथूनच मिळाली. त्याही आधी गायकवाडांच्या दरबारात ज्येष्ठीमल्ल समाजाचे पैलवान हातात वज्रमुष्टी, म्हणजे मुठीवर चढवायचे टोकदार शस्त्र, घालून लढत, आणि ती विद्याही कुस्तीच्या पायावरच उभी होती. परंतु तेव्हा काय आधी आणि काय नंतर, हे वस्ताद ठरवत. तुमचे तीन शिक्षक एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे वस्तादाचे ते काम तुम्हालाच करावे लागणार आहे, आणि तुमच्या प्रश्नातील शिस्तीचा भाग खरोखर येथे आहे.

माझी सूचना अशी की, पुढील सहा महिने एकच विषय घ्यावा : समोरच्याचा पाय काढणे. ज्युदोतील ओउची-गारी आणि मातीतील आतली टांग या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींत आपला पाय समोरच्याच्या दोन पायांमध्ये शिरतो आणि त्याचा पाय आतून ओढतो. पण ज्युदोत कॉलर आणि बाही हातात असते, त्यामुळे समोरच्याचा तोल कापडातून मोडता येतो. उघड्या, मातीने माखलेल्या अंगावर कापड नाही, तेथे मानेवरची आणि मनगटावरची पकड तेच काम करते आणि छातीचा दाब अधिक द्यावा लागतो. तुमच्या शोतोकानमध्ये आशी-बाराई, म्हणजे आपल्या पायाने समोरच्याचा पाय झाडणे, आहे. तेथे पकड जवळजवळ नाहीच, म्हणून समोरच्याचे वजन पायावर येत असतानाचा नेमका क्षण साधावा लागतो. तिन्ही वर्गांत शिकवले जाईल ते सर्व करावे, परंतु वहीत आणि जादा सरावात हा एकच धागा धरावा. कापड नसताना काय बदलते, पकडच नसताना काय बदलते, हे सहा महिने पाहिलेत तर तुमच्या कराटेची आशी-बाराईच सर्वांत आधी सुधारेल, असा माझा अंदाज आहे.

मिसळलेल्या सरावाविषयी एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने एक हालचाल पूर्ण घोटून मग दुसरी घेतली, तर दुसऱ्या गटाने तिन्ही उलटसुलट क्रमाने केल्या. सरावाच्या वेळी दुसरा गट मागे होता, परंतु दहा मिनिटांनी आणि दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत तोच पुढे गेला. तुम्हाला सध्या तिन्ही ठिकाणी मागे पडल्यासारखे वाटत असेल तर त्याने घाबरू नये. मात्र माझ्या मते अगदी नवख्याला हे लागू करू नये. तुमच्यापाशी नऊ वर्षांचा एक पक्का पाया आहे, म्हणूनच हे धाडस मी सुचवतो.

राहिले तुमचे सर. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो विद्यार्थिदशेत फुकुशिमा कानेकिची नावाच्या एका धिप्पाड सहाध्यायापुढे वारंवार हरत असत. त्यांनी आधी सुमोच्या डावांत उत्तर शोधले, ते पुरले नाही तेव्हा ग्रंथालयात पाश्चात्त्य कुस्तीची माहिती काढली आणि तेथून काता-गुरुमा, म्हणजे समोरच्याला खांद्यांवर आडवे घेऊन टाकण्याचा डाव, घडवला. हेच कानो १८८२ मध्ये एका मंदिरातील बारा चटयांच्या जागेत नऊ शिष्यांना घेऊन बसले, आणि कोदोकान ही त्यांची ज्युदोशाळा सुरू झाली. खुलेपणा असा की परक्या देशाची कुस्ती वर्ज्य नाही, आणि एकाग्रता अशी की तो सगळा शोध एका जोडीदाराला पाडण्याच्या एकाच प्रश्नासाठी होता. पुढे १९२२ मध्ये त्याच कानोंनी ओकिनावाहून आलेल्या गिचिन फुनाकोशींना कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी बोलावले, आणि शोतोकानच्या या आद्य गुरूंनी ज्युदोच्या धर्तीचा पांढरा गणवेश आणि ‘दान’ची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणींची, पद्धत कराटेत आणली. कराटेतील पहिले दान त्यांनी १९२४ मध्ये दिले. तुमच्या कमरेचा काळा पट्टा म्हणजे ज्युदोचे कराटेला मिळालेले देणे आहे.

हा इतिहास सरांच्या तोंडावर फेकण्यासाठी मात्र वापरू नये. नऊ वर्षे घडवलेला शिष्य हातचा जाईल, ही त्यांची भीती मला समजते. वर्गाआधी पंधरा मिनिटे लवकर जावे, काय शिकत आहात ते स्वतः सांगावे, कराटेचा एकही तास चुकवू नये आणि त्यांच्या परवानगीवाचून त्यांच्या वर्गात कोणालाही ज्युदोची फेक करून दाखवू नये. शब्दांपेक्षा या तीन-चार गोष्टींनीच त्यांचे समाधान होण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांत तिने तायक्वांदो सोडले, मग कराटे सोडले आणि आता मल्लखांब हवा म्हणते. नवरात्रात तर दहा दिवस गरब्यामुळे सगळेच बंद पडते. तिला एकाच ठिकाणी बांधून ठेवावे की आवडेल ते करू द्यावे?
– एक पालक, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : अकराव्या वर्षी तीन वर्ग पाहणे हा दोष नाही. दोष असेल तर तो सोडण्याच्या वेळेत असेल. पट्ट्याची परीक्षा आली म्हणून सोडले, की बाई रागावल्या म्हणून सोडले, की खरोखर दुसरे काही आवडले म्हणून सोडले, हे तिला शांतपणे विचारावे. तिच्याशी एकच करार करावा : घेतलेले सत्र पूर्ण करायचे, बदल हवा असेल तर सत्राच्या शेवटी, आणि सोडताना शिक्षकांना स्वतः भेटून नमस्कार करून सांगायचे. हा शेवटचा भाग मुलांना सर्वांत जड जातो, आणि म्हणूनच तो गाळू नये.

मल्लखांबाची निवड मला आवडली. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोरी पकडून पहिली साधी अढी घ्यायला शिकवतात. ती नीट बसेपर्यंत पुढचे काही सुचतच नाही, आणि लक्ष क्षणभर सुटले तर दोरी लगेच सांगते. शिवाय येथे रंगीत पट्टे नाहीत. त्या पट्ट्यांना अनेक पालक प्राचीन परंपरा समजतात, पण त्यांची मालिका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील ज्युदो वर्गांतून रूढ झाली. लहान मुलांना त्यांचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. तरीही दर तीन महिन्यांनी नवा रंग मिळण्याची सवय लागलेल्या मुलीला एकाच अढीवर काही आठवडे घालवू देणे तिच्या फायद्याचे ठरेल.

नवरात्रात गरबा बंद करू नका. बडोद्याच्या मुलीने त्या रात्री मैदानातच असावे. इतका वेळ तालात फिरणे हाही पायांचा व्यायामच आहे. त्या दहा दिवसांत सकाळी दहा मिनिटे सूर्यनमस्कार तेवढे चुकू देऊ नयेत.

प्रश्न : मी बँकेत काम करते. वय ४१. तीन वर्षांपासून कराटे शिकते. संध्याकाळी काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना मधूनच दिवसभराचे हिशेब डोक्यात सुरू होतात. आमचे सर ‘मुशिन’ म्हणजे मन रिकामे ठेवा, असे सांगतात. ते मला जमत नाही.
– एक वाचक, अलकापुरी, बडोदा

उत्तर : मन रिकामे करण्याचा प्रयत्न हाच एक विचार होऊन बसतो, त्यामुळे ते कोणालाच जमत नाही. सरांना अभिप्रेत असलेला अर्थ बहुधा वेगळा असावा. ताकुआन सोहो या झेन भिक्षूंनी सतराव्या शतकात यग्यू मुनेनोरी या तलवारीच्या आचार्यांना लिहिलेल्या पत्रात मन ‘थांबण्या’चा दोष समजावला आहे. समोरच्याच्या तलवारीवर मन थांबले तर तेथेच अडकते, स्वतःच्या तलवारीवर थांबले तर तेथे अडकते. त्यासाठी त्यांनी सहस्रभुज कान्नोन या बौद्ध देवतेचा दृष्टान्त दिला : मन एका हातावर थांबले तर उरलेले नऊशे नव्व्याण्णव हात निरुपयोगी होतात. तेव्हा हिशेबाचा विचार आला हा दोष नाही. तुम्ही त्या विचारापाशी थांबता, किंवा ‘पुन्हा आला’ म्हणून स्वतःवर रागावण्यापाशी थांबता, तेथे काता सुटते.

यासाठी नजरेची मदत घ्यावी. जपानी तलवारविद्येत ‘एन्झान नो मेत्सुके’ म्हणजे दूरच्या डोंगराकडे पाहावे तशी नजर, असे शिकवतात. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असते तेव्हा आपल्याकडे उंच गच्चीवरून पावागड दिसतो. त्याच्याकडे पाहताना आपण एका दगडावर डोळे रोवत नाही. सगळा डोंगर दिसतो आणि त्याच वेळी जवळच्या गच्चीवरची हललेली दोरीही नजरेतून सुटत नाही. काता सुरू करण्यापूर्वी अर्धा मिनिट समोरच्या भिंतीपलीकडे अशा नजरेने पाहावे.

दुसरी गोष्ट लक्ष कोठे द्यावे याविषयी. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्कीच्या यंत्रावर उभे राहिलेल्या ज्यांनी स्वतःच्या पायांऐवजी यंत्राच्या चाकांवर लक्ष ठेवले, ते अधिक चांगले शिकले. पुढे इतर अनेक खेळांतही असेच दिसून आले. हेइआन शोदान या कातेची पहिली हालचाल डावीकडे वळून खालचा बचाव ही आहे. तेथे ‘माझी मूठ गुडघ्याच्या वर आली का’ असे न तपासता, डावीकडून येणारी लाथ कोठे अडली हे पाहावे. प्रत्येक हालचालीला समोर असा एक माणूस मिळाला की हिशेबांना जागा कमी उरते.

लक्ष मध्येच सुटले तर काता पहिल्यापासून पुन्हा सुरू करू नये. जेथे भान आले तेथूनच पुढे जावे, कारण परत येण्याचाच सराव करायचा आहे. कोणत्या क्रमांकाच्या हालचालीशी लक्ष सुटते, याची तीन आठवडे नोंद ठेवावी आणि मला कळवावी. माझ्या अनुभवात ती बहुधा वळणाची जागा असते : शरीर वळून जाते, डोळे मात्र मागच्या दिशेला रेंगाळतात आणि त्या फटीतून विचार आत शिरतो. तुमच्या नोंदीतही तसेच निघाले, तर प्रत्येक वळणाआधी मान आणि नजर प्रथम, आणि मग कंबर व पाऊल, असा क्रम महिनाभर मुद्दाम सावकाश करून पाहावा.